नदीच्या माशाचा काटा: अख्खा ठेवा नाही तर पुरता संपवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी दर आठवड्याला पंचगंगेचा नाही तर धरणातला किलो-दीड किलोचा मृगल किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प) येतो. चव आवडते, पण काट्यांमुळे पोरं ताटाला हात लावत नाहीत, वयस्कर मंडळी घाबरत घाबरत खातात, आणि कधी कधी चिखलाचा वास येतो. काटे काढायचे कसे आणि मासा करायचा कसा?

आधी काट्याचं बघू, कारण सगळी गडबड तिथेच होते. मासा शिजल्यावर मधला कणा उचलला की त्याला जोडलेले काटे सोबत निघून येतात. त्रास देणारे काटे मात्र कण्याला जोडलेलेच नसतात. रोहू, कटला, मृगल, सायप्रिनस, कोळस या सगळ्या जातींत मांसाच्या पदरांमध्ये सुटे काटे असतात. एका माशात असे शंभराच्या आसपास काटे निघतात. जवळून बघायचं असेल तर शिजलेल्या मृगलाची पाठीकडची फोड घ्या आणि बोटांनी मांसाचे पदर अलगद उलगडा. दोन पदरांच्या मधोमध गलोलीच्या बेचक्यासारखा, एका टोकाला दुभंगलेला, केसाहून जरा जाड काटा दिसेल. तो शेपटीकडे तिरका झुकलेला असतो. दोन टोकं फुटलेली असल्यामुळे तो घशात गेला की अडकून बसतो.

हे काटे सगळ्या अंगात सारखे नसतात. पोटाकडच्या भागात फक्त बरगड्या असतात. त्या जाड, लांब आणि कण्याला धरून असल्यामुळे दिसतात आणि ओढल्या की निघतात. पाठीकडे सुटे काटे आहेत. शेपटीकडच्या अर्ध्या भागात तर ते वर आणि खाली दोन्हीकडे आहेत. त्यामुळे पोरांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या ताटात पोटाकडची फोड द्यायची, पाठ आणि शेपूट सरावलेल्यांनी घ्यायचं. दोन किलोच्या वरचा कटला असेल तर कापतानाच पोट आणि पाठ वेगळी करून मागा. अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

मरळ, चिलापी (तिलापिया) आणि शिंगटा यांत हे सुटे काटे नसतात. घरात अगदीच भीती असेल त्या दिवशी हे मासे आणावेत. पण मृगल-सायप्रिनसला त्यासाठी कायमचं घराबाहेर ठेवायचं कारण नाही.

आता मुख्य मुद्दा. काट्याच्या माशाला दोनच मापं चालतात. एक तर फोड इतकी जाड ठेवायची की काटा अख्खा राहतो, डोळ्याला दिसतो, बोटाला लागतो. नाही तर तो इतका बारीक तोडायचा किंवा इतका मऊ शिजवायचा की जिभेला कळतच नाही. मधलं माप घातक. बाजारात घाईत पाडलेले अर्ध्या-पाऊण इंचाचे तुकडे म्हणजे नेमकं हेच मधलं माप. त्यात काट्याचे एक-एक सेंटिमीटरचे तुकडे होतात. ते दिसत नाहीत, चावले जात नाहीत आणि टोचतात मात्र. कोल्हापुरात मटणाचे तुकडे कसे पाडायचे याची चर्चा तासभर चालते. माशाकडे मात्र "करा बारीक" म्हणून पाठ फिरवली जाते. कापणाऱ्यासमोर उभं राहून सांगा: रश्श्याला दीड इंचाची फोड, तळायला दोन्ही बाजूंचे अख्खे काप, कण्यापासून सोडवलेले.

घेताना मासा शक्यतो मोठा घ्या. सातशे ग्रॅमचे दोन घेण्यापेक्षा दीड-दोन किलोचा एक बरा, कारण काट्यांची संख्या साधारण तेवढीच राहते पण काटे जाड आणि ओळखू येणारे होतात. कल्ले लालभडक हवेत, बोट दाबलं तर खड्डा भरून आला पाहिजे. नदीचा मासा पोटाकडून लवकर उतरतो. एप्रिल-मे महिन्यात पकडल्यापासून दोन-तीन तासांत पोट साफ झालंच पाहिजे किंवा मासा बर्फात गेलाच पाहिजे. नदीत मासे आपोआप तरंगायला लागले असतील त्या दिवसांत त्या पाण्यातला मासा अजिबात घेऊ नका, फुकट मिळाला तरी. पावसाच्या सुरुवातीचे चढणीचे मासे गाभोळीने भरलेले असतात म्हणून लोक तुटून पडतात. पण त्यांचं मांस त्या वेळी हडकलेलं असतं आणि पुढच्या वर्षीची मासळी आपण त्याच दिवशी खाऊन टाकतो. महसीर, म्हणजे आपला खडस, हाताला लागला तर तो जिवंत सोडून द्यावा. ती जात जपायला हवी.

साफ करताना खवले शेपटीकडून डोक्याकडे, सुरीच्या पाठीने, पाण्याच्या घमेल्यात धरून काढा म्हणजे उडत नाहीत. पोट वरवर चिरा. सुरी खोल गेली की पित्ताची हिरवी पिशवी फुटते आणि मासा कडू होतो. फुटलीच तर हिरवा डाग पडलेलं मांस कापून टाका, बाकीचं मीठ चोळून धुवा. रोहू किंवा गवत्या माशाचं कच्चं पित्त औषध म्हणून गिळण्याची सवय काही ठिकाणी आहे. त्याने मूत्रपिंडं निकामी होतात, तेव्हा तसं कुणी करत असेल तर थांबवा. कल्ले काढताना त्यांच्या मागचे घशातले दातही खेचून काढा, चिखल तिथे साचतो. मग कण्याला चिकटलेली रक्ताची काळपट रेघ आणि पोटाच्या आतलं काळं पातळ पापुद्र्यासारखं अस्तर जाड मिठाने घासून काढा. मृगलात हे अस्तर हमखास असतं. बरेच जण ते तसंच ठेवतात आणि मग रस्सा कडवट का झाला म्हणून मसाल्याला दोष देतात.

चिखलाचा वास खरं तर चिखलाचा नसतो. साचलेल्या पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो तोच हा. माशाच्या चरबीत, कातडीत आणि कुशीवरच्या लालसर-तपकिरी मांसात तो साठतो. म्हणून उन्हाळ्यात तळ्याच्या माशाला जास्त, वाहत्या पाण्यातल्या माशाला कमी. उपाय दोन आहेत. एक, ते तपकिरी मांस कापून टाकायचं. दोन, आंबट. आंबटाने जिओस्मिन मोडतं आणि त्याचा वास जातो, म्हणून आपल्याकडे माशाला चिंच-आमसूल लावायची रीत बरोबरच आहे. एक लिटर पाण्यात लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ आणि एक मोठा चमचा मीठ घालून फोडी त्यात १५ मिनिटं ठेवा, निथळा, मग हळद लावा. अर्धा तास ठेवलं तर मांस वरून पांढरं पडून भुसभुशीत होतं. नुसतं आलं-लसूण जास्त घालून वास झाकत नाही. पहिला घास बरा लागतो, दुसऱ्या घासाला तो वर येतोच.

आता तळायचं. ही पद्धत सगळ्यात मेहनतीची आहे, पण पोरांना मासा खायला लावायचा असेल तर हीच. कातडी ठेवून माशाचे दोन्ही बाजूंचे काप कण्यावरून सोडवून घ्या. डोक्यामागे कण्यापर्यंत चीर द्या, सुरी आडवी करा आणि कण्यावर टेकवत शेपटीपर्यंत न्या. बरगड्या पातळ कापून काढून टाका. काप फ्रीझरमध्ये २० ते ३० मिनिटं ठेवा. गोठवायचा नाही, फक्त कडक करायचा. मग कातडी खाली करून पाटावर ठेवा आणि पातळ, धारदार सुरीने डोक्याकडून शेपटीकडे सरकत दोन ते तीन मिलिमीटरवर पाठीपासून पोटापर्यंत आडव्या चिरा देत जा. प्रत्येक चीर कातडीपर्यंत गेली पाहिजे पण कातडी कापली जाता कामा नये. सुरी काट्यावरून जाताना कर्र कर्र असा बारीक आवाज येतो. तो आवाज येतोय म्हणजे काम होतंय. आवाज थांबला तर दोनच कारणं: धार गेली किंवा तुम्ही काट्याच्या पट्ट्याबाहेर आहात. वीस सेंटिमीटरच्या कापाला ऐंशीच्या आसपास चिरा बसतात. कंटाळून अंतर पाच-सहा मिलिमीटर झालं की सगळं मुसळ केरात, कारण आपण परत त्या मधल्या मापावर येतो. काही जण विळीवर हे करायला जातात, पण विळीवर कातडी वाचत नाही.

चिरलेल्या कापाचे तीन बोटं रुंद तुकडे करा. पाऊण किलो माशाला एक चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, दोन चमचे तिखट (अर्धं ब्याडगी रंगाला, अर्धं संकेश्वरी चवीला), एक चमचा अगदी बारीक वाटलेलं लसूण आणि एका लिंबाचा रस. दहा मिनिटं पुरे. चिरांमुळे मीठ आत लगेच जातं, तासभर ठेवलं तर पाणी सुटून तुकडा लोळागोळा होतो. कांदा-लसूण चटणी इथे नको, त्यातला कांदा-खोबरं तेलात करपतं. तांदळाचं पीठ चार चमचे आणि रवा दोन चमचे मिसळून तुकडा त्यात घोळवा, कातडीकडून वाकवून चिरा उघडा म्हणजे पीठ आत जाईल, आणि झटका.

तव्यावर शॅलो फ्राय करू नका. तुटलेले काट्याचे तुकडे कुरकुरीत व्हायला तेल चिरांच्या आत शिरलं पाहिजे, म्हणून कढईत तुकडा बुडेल एवढं तेल घ्या. पिठाचा कण टाकला की लगेच बुडबुडत वर आला पाहिजे. आधी कातडीची बाजू खाली. कातडी आकसते, तुकडा वाकतो आणि चिरा फणीसारख्या उघडतात. मिनिटभराने उलटवा, तीन-चार मिनिटं तळा, बाहेर काढा. सगळे तुकडे झाले की तेल जरा जास्त तापवून पुन्हा प्रत्येकी मिनिटभर. या दुसऱ्या तळणीने काट्याचा प्रश्न मिटतो. पहिल्या तळणीत काटा शिजतो, दुसऱ्यात ठिसूळ होतो. तेल कोमट राहिलं तर चिरा तेल पिऊन बसतात आणि काटा चिवट होतो. एका वेळी तीन-चार तुकड्यांवर घालू नका.

कुकरची पद्धत याच्या अगदी उलट. हात कमी लागतो, वेळ जास्त. काट्याला मजबुती देणारे चिवट धागे जोरदार वाफेत विरघळतात आणि मागे राहतो तो खडूसारखा चुरा होणारा भाग. आंबटाची मदत होते, पण खरं काम वाफेचं आणि वेळेचं. म्हणून शिट्ट्या मोजू नका, घड्याळ बघा. एक-सव्वा किलोच्या मृगलाला पहिल्या शिट्टीनंतर गॅस अगदी बारीक करून ४५ ते ५० मिनिटं लागतात. दोन किलोच्या माशाला तास-सव्वा तास. सुटे काटे आधी मऊ होतात, मग बरगड्या, सगळ्यात शेवटी कणा. वीस मिनिटांत कुकर उतरवला तर मांस गळून पडलेलं असतं आणि काटे तसेच टोकदार. मग लोक म्हणतात ही पद्धत खोटी आहे. पद्धत खोटी नाही, वेळ अपुरा पडलाय.

फोडी दोन इंचाच्या घ्या आणि आधी गरम तेलात दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं तळून घ्या, म्हणजे एवढ्या शिजण्यात आकार धरतात. कुकरच्या तळाला कांद्याच्या जाड चकत्या पसरा, त्यावर फोडी एकाच थरात, फार तर दोन. वाटणाला दोन कांदे भाजून, अर्धी वाटी सुकं खोबरं, दहा-बारा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, एक चमचा तीळ. एक मोठा चमचा कांदा-लसूण चटणी, मोठ्या लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ किंवा आठ-दहा आमसुलं, मीठ, आणि पाच लिटरच्या कुकरला साधारण ४५० मिलिलिटर पाणी. एवढा वेळ चालायचं म्हणजे पाणी कमी पडता कामा नये. ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये आंबट थेट घालू नका, काळं पडतं आणि चव धातूची लागते. स्टीलचा कुकर वापरा किंवा आत झाकणाचं स्टीलचं भांडं ठेवून बाहेर वेगळं पाणी घाला. मग वेळ दहा मिनिटं वाढवा. कुकर आपोआप थंड होऊ द्या. शिट्टी उचलून वाफ काढली की आतला रस्सा उसळतो आणि मऊ झालेल्या फोडी फुटतात.

पन्नास मिनिटांत चटणीचा वास उडून जातो, हे लक्षात घ्या. म्हणून दुसरा मोठा चमचा शेवटी: दोन चमचे तेल तापवून गॅस बंद करून त्यात चटणी घाला आणि लगेच रश्श्यावर ओता. तर्री पण छान येते. गरम मसाला वेगळा नको, चटणीत तो आहेच, आणि नदीच्या माशाची चव नाजूक असते. मटणाच्या रश्श्याइतका मसाला घातला तर मासा कुठला होता हेच कळत नाही. हा मासा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, कारण रस्सा आत मुरतो आणि काटे आणखी मऊ पडतात.

साधा रस्सा करायचा असेल तर वाटण तेच, पण कुकर नाही. वाटण परतून, पाणी घालून रस्सा आधी दहा मिनिटं एकटाच उकळा. मग दीड इंचाच्या फोडी सोडा, मंद आचेवर आठ ते दहा मिनिटं, डाव घालायचा नाही, पातेलं धरून हलवायचं. इथे काटा अख्खा आहे, म्हणून खायची पद्धतही तशीच हवी: फोड वेगळ्या ताटलीत घ्यायची, पदर उलगडून काटे काढायचे, मग भाकरीसोबत. मासा भातात कालवायचा नाही. भाताच्या शितात काटा लपतो, घशात जाणारे बहुतेक काटे असेच जातात. भात नुसत्या रश्श्याबरोबर खा, आणि त्यासाठी आजऱ्याचा घनसाळ असेल तर उत्तमच.

ज्यांना तळणही नको आणि कुकरही नको त्यांनी मांस खरवडून घ्यावं. बंगालात चितळ माशाची काटेरी पाठ चमच्याने खरवडून तिचे मुठीये करतात, तसंच मृगल-सायप्रिनसचंही करता येतं. कच्चा काप कातडी खाली करून ठेवा आणि स्टीलच्या चमच्याने लांबीच्या दिशेने हलक्या हाताने ओढत जा. मांस चमच्यात येतं, काटे कातडीला धरून राहतात. जोर लावला की काटेही येतात. एक किलोच्या माशातून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास मांस मिळतं. ते स्टीलच्या परातीत पातळ पसरून बोटांच्या टोकांनी दोनदा चाचपा. काटा परातीवर घासला की लगेच कळतो. त्यात एक उकडलेला बटाटा, बारीक कांदा, दोन हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, मीठ आणि दोन चमचे फुटाण्याच्या डाळीचं पीठ घालून वडे थापा. डाळीच्या पिठाऐवजी ब्रेडचा चुरा घातला तर वडा तेल जास्त पितो.

उरलेलं डोकं, कणा आणि कातडी टाकू नका. हळद, मीठ आणि चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या घालून २५ मिनिटं मंद उकळा आणि फडक्यातून गाळा. ही झाली माशाची अळणी. चाळणीतून नाही, फडक्यातूनच, कारण बारीक काटे चाळणीतून खाली उतरतात. रश्श्याला साध्या पाण्याऐवजी ही घाला. कटल्याचं डोकं असेल तर ते मात्र अळणीत घालवू नका, रश्श्यात अख्खं सोडा. त्यात सुटे काटे नाहीत आणि चव सगळ्यात जास्त.

बोटाएवढे नदीचे मासे मिळाले तर यातलं काहीच करायचं नाही. पोट दाबून घाण काढायची, जाड मीठ चोळून तीन पाण्यांनी धुवायचे, तिखट-मीठ-आमसूल लावून तांदळाच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळायचे आणि डोक्यासकट खायचे.

एवढं करूनही घशात काटा अडकलाच तर भाताचा गोळा किंवा केळं गिळू नका. त्याने काटा कधी खाली जातो, पण कधी आणखी खोल रुततो. आधी जोरात खाकरून बघा, बॅटरीच्या उजेडात आरशासमोर तोंड उघडून बघा. टॉन्सिलजवळ टोक दिसत असेल तर दुसऱ्या कुणाकडून चिमट्याने काढून घ्या, बोट घालू नका. दिसत नसेल आणि गिळताना एकाच जागी टोचत राहिलं, किंवा थुंकीत रक्त आलं, तर खाणं थांबवून त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा. छातीत दुखत असेल किंवा लाळही गिळता येत नसेल तर थेट हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका.